त्याला पाय नाहीत

साडेअकराला दुसरी पाळी सुटते.
भट्टीची काळी वाळू कानामागं तशीच घेऊन
मी राजारामपुरीत, धैर्यशीलच्या माडीवर जातो.
चौघांत एक कंट्रोलर,
कांदाभज्यांचा तेलकट कागद,
आणि पडद्यावर ते बुडालेलं इस्पितळ,
ज्याच्या प्रत्येक मजल्यावर
आमच्या आधी तो येऊन बसलेला असतो.

कंदील. गल्ला. मागं काचेच्या बरण्या.
बाहेर जिन्यात ते बिनडोळ्यांचं काहीतरी फरफटत फिरतंय
आणि हा निवांत पट्ट्या विकतोय,
काडतुसं, सेल, एखादी गंजकी किल्ली.
नाणी दोनदा मोजतो.
बनवणाऱ्यांनी त्याला नावसुद्धा दिलेलं नाही.
आम्ही मालक म्हणतो.

जिनगोंडा म्हणतो, मेन हाच.
जिन्यातलं ते ह्यानंच सोडलंय,
नाहीतर पट्ट्या खपणार कशा?
"धंदा आहे लगा, धंदा."
इम्तियाज म्हणतो, मेलेला आहे,
तिसऱ्या मजल्यावर खाटेला जे कार्ड लटकलंय
त्यावरचं वय आणि ह्याचं वय एकच.
(ह्याचं वय तुला कसं कळलं, विचारलं की चिडतो.)
धैर्यशीलचं म्हणणं त्याहून बेकार:
हा आपल्यासारखाच, खेळायला आलेला.
शेवटचं दार सापडलं, उघडलं नाही.
मागं फिरला आणि दुकान मांडलं.

त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.
भजी गार झाली.

परवा धैर्यशीलनं कुठलीशी फाइल टाकून
कॅमेरा भिंतीतून गल्ल्यामागं घातला.
पाय उलटे आहेत का, तेवढंच बघायचं होतं.
पायच नव्हते.
माणूस कमरेपाशी संपलेला,
खाली नुसती करडी पोकळी.
"नाद खुळा! बोललो नव्हतो?" इम्तियाज उठून उभा.
जिनगोंडाला हसू आवरेना,
अरे, जे दिसणारच नाही ते कोण कशाला बनवील?

मी कागदाची घडी घालत बसलो.

गंगावेशीत आमचं दुकान होतं, सहा बाय आठ.
कापूर, विड्या, पेन्सिल सेल, सुटं तेल.
दादांबद्दलही गल्लीत काय काय चालायचं,
हा झोपतच नाही,
ह्याच्या फळीखाली सोनं पुरलंय,
गिऱ्हाईक दारात यायच्या आधी ह्याला कळतं काय हवंय.
(शेवटचं खरं होतं. चालीवरून ओळखायचे.)
महापुरात पाणी दुसऱ्या खणाला लागेपर्यंत
मेणबत्त्या विकत उभे होते, छापील किमतीला,
तर लोक म्हणाले, ह्याला आधीच बातमी असणार,
नाहीतर एवढ्या मेणबत्त्या आल्या कुठून?
गेल्या दिवाळीच्या. न खपलेल्या.

रात्री फळ्या लावल्या की
मी परातीत कोमट पाणी ठेवायचो, मूठभर मीठ घालून.
नडग्यांवर निळ्या गाठी,
घोटा कुठला, पोटरी कुठली, कळू नये अशी सूज.
सव्वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं
ते पाय पाहिले नाहीत.
गल्ल्याच्या वर माणूस ताठ होता
आणि विचारत होता, "आणि काय दिऊ?"

हे मी माडीवर सांगितलं नाही.
तिथं पुरावा मागतात.

काल तिघं भिंतीला टेकून पेंगत होते.
पाचवा मजला, खिशात नाणी भरपूर.
मी काहीच घेतलं नाही.
गल्ल्याला वळसा घालून मालकाच्या शेजारी गेलो,
तो बघतो तिकडं तोंड करून उभा राहिलो.
इथून दार केवढंसं दिसतं.
दारापासून गल्ल्यापर्यंत ओली पावलं,
सगळी माझी.
जिन्यातली फरफट जवळ आली, थांबली.
ते उंबऱ्याशी उभं होतं,
आत येत नव्हतं, जातही नव्हतं,
सुटे पैसे मुठीत धरून पोर उभं राहतं तसं.

मालक पुढच्या कंदिलाची वात नीट करत होता.
मी जरा बाजूला सरकलो.