माया

कुताइसीत रेल्वे पुलाजवळ, जिथं पूर्वी टायरांचं गोदाम होतं,
तिथं आता सहा संगणक, एक लेझर कटर
आणि दोन थ्रीडी प्रिंटर, पैकी एक कायम रुसलेला.
माझ्या शेजारच्या बाकावर लामारा, वय एकसष्ट,
कोट शिवायच्या कारखान्यातून निवृत्त.
निवृत्त म्हणजे, कारखानाच आधी गेला.

तिला पेटी करायचीय, नार्दीच्या सोंगट्यांसाठी,
आणि हरवलेल्या तीन काळ्या सोंगट्या.
नवरा आणि शेजारचा बाद्री जिन्याखाली खेळतात;
सध्या बाटलीची बुचं लढतात त्या तिघींच्या जागी.
‘तीनच कुणी विकत नाही,’ ती म्हणते,
‘अख्खा पट घ्या म्हणतात.’

पहिली पेटी. चार मिलिमीटरचं प्लायवुड,
कडांना दात, दातांसमोर खाचा,
पडद्यावर सगळं ओठाला ओठ लागलेलं.
कापली. जोडली. उचलली.
तळ टेबलावरच राहिला.

नुत्सा शिकवते आम्हाला, तेवीस वर्षांची.
म्हणाली, किरणही थोडं खातो.
दोन दशांश मिलिमीटर. तेवढं लाकूड धूर होऊन जातं,
आणि आपण समजतो रेघेला रुंदी नसते.

लामारानं चष्मा कपाळावर सारला.
अंगातल्या कोटाची कड उलटून
शिवणीपलीकडची बोटभर पट्टी दाखवली:
‘एवढं सोडल्याशिवाय तीस वर्षं कात्री लावली नाही.
इथं कशी विसरले?’

त्या पट्टीला तिच्या भाषेत काय म्हणतात
ते तिनं दोनदा सांगितलं, माझ्या जिभेवर बसेना.
आमच्यात माया म्हणतात, मी म्हटलं.
अर्थ? मी कोटाच्या शिवणीवर बोट ठेवलं,
मग छातीवर हात.
‘दोन्ही?’
दोन्ही.
‘शिंप्यानं ठेवलं असणार नाव,’ ती म्हणाली.

मग तिनं एका बोटानं रकान्यात आकडा टाकला.
दुसरी पेटी इतकी घट्ट की हातोडी घ्यावी लागली,
एक दात तुटला.
माया जास्त झाली की होतं असं,
हे मी बोलले नाही.
तिसरी बसली. टक्.
डिंकाची बाटली नुत्सानं परत कपाटात ठेवली.

सोंगट्या मात्र नापास.
बाद्रीनं एक तळव्यावर तोलली न् म्हणाला, पोकळ आहे,
हिच्यानं हरलो तर हरल्यासारखं वाटणार नाही.

पुढच्या मंगळवारी लामारा रुसलेल्या प्रिंटरपाशी.
सोंगटी अर्धी झाली की यंत्र थांबवते,
पर्समधून पितळी बटण काढते,
कारखान्याच्या शेवटच्या कोटांचं, न लागलेलं,
आत ठेवते,
आणि पुढं चालू कर म्हणून मान हलवते.
काळा धागा गोल गोल फिरत
बटणावर छप्पर घालतो.

बाहेरून काही दिसत नाही.
पटावर आपटली की कळतं.