चालून दाखव

पहिला माणूस केला तो तरंगत होता.
पाय हलायचे, हातही हलायचे,
पण अळूच्या पानावरून थेंब घसरावा तसा
तो पडद्याच्या या कडेवरून त्या कडेला जायचा.
पुंजाकाकू ज्वारी निवडायचं सोडून डोकावली,
म्हणाली, "याले भुईच माहीत नाही वं.
भूत हाय का?"

बॅटरी मेलेला लॅपटॉप, भावानं नागपूरहून आणलेला.
लाइन असेल तोवर जिवंत.
दिवसा ती येते-जाते, म्हणून मी रात्री बसते.
गाव ओलिताला निघतं,
विहिरीवर पंप घरघरतात,
आणि मी एका गुडघ्याला
चोवीस चौकटींतून नेत असते.

पुस्तकात पावलाच्या चार अवस्था होत्या, इंग्रजी नावांच्या.
मी वहीत माझी लिहिली : टेक, दाब, पार, उठाव.
टेक जमला. उठाव जमला.
दाब जमेना.
म्हणजे माणूस क्षणभर खाली जातो,
स्वतःच्याच ओझ्यानं गुडघ्यात जरासा मोडतो
आणि मग उठतो.
हे मोडणं कुठून आणावं कळेना.

मग मोबाइल घेऊन फाट्यावर बसले.
वायरमन नेवारे रोज एका अंगावर झुकून चालतात,
कॅमेरा दिसला तसे सरळ झाले.
कुमरे सरांनी तर परेडच सुरू केली.
कुणी चालेना.
सगळे चालून दाखवू लागले.

तेव्हा आठवलं.
गेल्या माघात हिंगणघाटचे पाहुणे आले होते.
सुपारी कातरता कातरता एक जण म्हणाला,
"पोरी, जरा चालून दाखव."
मी चालले. दारापासून कणगीपर्यंत,
कणगीपासून दारापर्यंत.
दोन्ही पावलं सारखी, हात अंगाला चिकटलेले,
डोक्यावर भरला पेला ठेवल्यासारखी मान.
माझा पहिला माणूस
मी तेव्हाच केला होता.

मोबाइल पिशवीत टाकला.
आठ दिवस रोजानं कापूस वेचायला गेले,
आणि मान वर न करता पाहत राहिले.
सकाळी बाया रिकाम्या ओटीनं तासात शिरतात,
टाच पडते, मोकळी.
दुपारी ओटी भरली की पोट पुढे,
म्हणून पाठ मागे, म्हणून पाय फाकलेले.
कापूस हलका म्हणणाऱ्यानं तो पोटाला बांधून पाहावा.
ओल्या धुऱ्यावर चपलेला काळी माती चढते,
दहा पावलांत चप्पल वीतभर जाड,
डावी जास्त, उजवी कमी,
उजवा पाय डाव्याची वाट पाहतो.
सुभद्रा तासाच्या टोकाला थांबते, पऱ्हाटीनं माती खरडते,
आणि पुढची चार पावलं उगाच उंच पडतात,
पायाला अजून जुनंच वजन वाटत असतं.
ती चार पावलं मी घरी येईस्तोवर
तोंडात गूळ धरावा तशी धरून ठेवली.

रात्री अंगणात मोजत चालले, एक ते चोवीस.
शेजारच्या गाईनं रवंथ थांबवला.
परत बसून कंबर डावीकडे जराशी पाडली,
मागचा पाय एक चौकट उशिरा उचलला.
सहाव्या चौकटीत तो मोडला.
मी खुर्चीतून उठलेच.

पुंजाकाकूला झोपेतून आणलं. तिनं चष्मा पुसला,
करड्या, बिनतोंडाच्या त्या आकृतीकडे
तीन फेऱ्या होईस्तोवर पाहिलं.
"हे तं तूच होय," म्हणाली.
"घाईत असली का तुया डावा खांदा असाच पुढं येते.
दार उघडाच्या आधीच आत घुसल्यासारखा."

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.
हिंगणघाटच्यांना तर तो दिसलाही नसेल.

लाइन गेली. पडदा विझला.
केलेलं साठवलं होतं की नाही, आठवेना.
कंदील आणायला उठले,
आणि अंधारात चौकटीला
आधी खांदा लागला.