काटा

परसात एन्सेत होत्या, चौदा.
दिसायला केळीच्या बहिणी, पण घड धरत नाहीत;
जे काही असतं ते बुडख्यात.
सहा वर्षं वाढवायच्या, एका दिवसात खरवडायच्या,
गर पानांत गुंडाळून खड्ड्यात पुरायचा
आणि विसरून जायचं, भूक आठवण करून देईपर्यंत.

खड्ड्यात किती आहे, कुणी विचारलं नाही.
झेरितू रिकाम्या हातानं यायची, भरल्या हातानं जायची,
चार महिन्यांनी परत आणून द्यायची,
नेलं त्याहून मूठभर जास्त.
मग तेवढ्या मुठीची मी देणेकरी.
आमच्या सासवांपासून ती मूठ
या कुंपणातून त्या कुंपणात फिरत होती,
कुणाकडेच मुक्कामाला राहिली नाही.

मग सफरचंदाची रोपं आली,
पाठोपाठ गातीसो, खांद्यावर लोखंडी काटा.
नऊ एन्सेत तोडल्या. खोटं कशाला बोलू,
पहिल्या पिकात छपरावर पत्रे चढले,
दुसऱ्यात नवऱ्याचा डोळा उघडला,
आणि वगाये शाळेत बसली, वहीला कव्हर घालून.
वगाये म्हणजे 'माझं मोल'.
नाव ठेवलं तेव्हा मोल म्हणजे किलोमागे किती
असं कुणाच्या मनातही नव्हतं.
पत्रे मात्र पावसात इतके वाजतात
की शेजारचा खोकला ऐकू येत नाही.

परवाच्या थंडीत झेरितू आली.
तिच्याकडे एकही एन्सेत उरलेली नाही,
नुसती सफरचंदं, आणि यंदा ती किडली.
मी खड्डा उघडला. आंबूस वास घरभर.
वगायेनं गोळा उचलला आणि सवयीनं
काट्यात टाकला.
मी तिच्या हातावर चापट मारली.
झेरितू म्हणाली, "करू दे गं वजन.
किती ते कळलं की झोप लागते."

पावणेतीन किलो.

बाजाराच्या दिवशी तिनं पैसे आणून ठेवले,
माझ्याकडे सुट्टे नव्हते म्हणून उभी राहिली,
वगाये कुठूनशी मोड घेऊन आली,
ती मोजून गेली.
हिशेब मिटला.

त्याला आता दोन महिने होतील.
कुंपणातल्या फटीत गवत माजलंय.
मी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आले.
काहीतरी मागायला हवं होतं.
घरात सगळं होतं.