उरत व्हतं

दिवाळे जेट्टीजवळ, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत,
बर्फाच्या पावत्या बाजूला सारून
आम्ही चौकशीचं टेबल मांडलं.
फ्लाइट लेफ्टनंट मुथण्णा विचारणार,
मी, माढ्याचा सार्जंट खोचरे, लिहून घेणार.
मराठी येतं म्हणून मला आणलेलं.

साक्षीदार चांगुणा नाखवा.
वय? तुमीच ठरवा.
वेळ?
भांगाची सुकती, पानी पार खाली जेलेलं.
मी कोष्टक काढून लिहिलं, एक वाजून चाळीस.
आकार?
भाकरी. तव्यावर फुगते तवा.
आवाज?
नय. कुत्री पन गप.
किती वेळ?
अर्धी पाटी कोलंबी निवडली तवर.
शेजारणीला पाटी घेऊन बसवलं,
मुथण्णांनी घड्याळ धरलं.
सतरा मिनिटं. मांजरामुळे एक मिनिट वजा.

मग ती म्हणाली, तथं उरत व्हतं.
मी लिहिलं, तिथे उरत होतं.
हिंदीत सांगितलं, बच रहा था.
मुथण्णांनी पेन खाली ठेवलं.
किससे?

सोसायटीचा पोऱ्या हसून लोळायचा बाकी.
सायब, आमच्यात ड चा र होतो.
खाडीची खारी, होडीची होरी.
उडत व्हतं म्हणते म्हातारी.

मी काट मारली, वर बारीक अक्षरात 'उडत'.
शाई वाळायच्या आत तिनं मान हलवली.
नय. उबं व्हतं. हललंच नय.
मग उडत कसं, आजी?
बाजारात भाव नसलेल्या माशाकडे बघावं
तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

दुपारी चिखलावर यंत्र फिरवलं. काटा ढिम्म.
एक निवटी मात्र बुटावर चढून गेली.
रडारच्या नोंदीत काही नाही.
काही नाही, हेही टाइप करून, सहीशिक्क्यानिशी.

संध्याकाळी म्हातारीला जेट्टीच्या टोकाला उभं केलं.
तिनं खाडीपलीकडे बोट धरलं,
विमानतळासाठी सपाट केलेल्या जमिनीच्या वर,
जिथे आता नुसती हवा आहे.
थिओडोलाइट तिच्या बोटाच्या रेषेत लावला.
उंची निघाली नव्वद मीटर, थोडी इकडेतिकडे.

तथं डोंगर व्हता, ती म्हणाली.
हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

रात्री मेसमध्ये जुना नकाशा उघडला,
सुरुंग लागण्याआधीचा.
एकेक रेषा बोटाने ओलांडत वर गेलो.
सगळ्यात आतल्या, नखाएवढ्या वर्तुळात आकडा होता.
तो मी अहवालात घातला नाही.
मुथण्णांनीही त्या रात्री नकाशाच मागवला होता,
हे मला स्टोअरच्या वहीवरून नंतर कळलं.

निष्कर्ष: हवामान खात्याचा फुगा.
तीन झेरॉक्स, तीन कचेऱ्यांना.
पान पाचवर मी मारलेली काट
तिन्हींवर जशीच्या तशी आली आहे,
आणि काटेखालचा शब्द
अजून वाचता येतो.