यजमान

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या
यजमान शोधायचं काम.
रामकुंडावर उतरलेल्या माणसाला
तात्या एवढंच विचारायचे, "कुठले आपण?"
गाव कळलं की कुळ, कुळ कळलं की लाल वही,
आणि वहीत त्याच्याच पणजोबाची
वेडीवाकडी सही.

मी पाथर्डी फाट्याला, तिसऱ्या मजल्यावर,
तीन फुटी काचेच्या समुद्रात
दोन क्लाउनफिशसाठी यजमान शोधतोय.

आधी आणलं होतं समुद्रफूलच, खरंखुरं.
त्याला पाय असतो
हे मला कुणी बोललं नव्हतं.
रात्रीत ते जागा सोडून निघालं
आणि लाटा करणाऱ्या पंपात गेलं.
सकाळी पाणी ताकासारखं.
झिंगे गेले, गोगलगायी गेल्या,
ही दोघंच उरली कोपऱ्यात,
काही न घडल्यासारखी दाणे मागत.

द्वारकेच्या दुकानात तौसीफ म्हणाला,
"आता फूल नको, सर. कोरल घ्या.
हा टॉर्च, बघा कसा डुलतो,
पण हात लांब त्याचे, रात्री शेजाऱ्याला चटके देतो.
गोनिओपोरा देखणा. सहा महिन्यांत कुढत मरतो.
मी विकतो, तुम्हाला विकणार नाही.
हे हत्तीच्या कानासारखं आहे ना, ते यजमान नव्हे,
मासा आत शिरला की तोंड मिटतं."
मग मागच्या टाकीतून त्यानं काढली
मळक्या चामड्याची एक अळंबी.
"टोडस्टूल लेदर. दिसायला काही नाही.
पण सोशिक आहे."

सोशिक.
स्थळ सांगायला आलेली माणसं
ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात.

अठ्ठावीसशे मोजले. खडकावर बसवली.
वहीत लिहिलं: तापमान सव्वीस, घनता दहा-पंचवीस.
आठ दिवस तिनं तोंड दाखवलं नाही,
अंगावरून मेणासारखा पापुद्रा सोडत राहिली.
आणि मासे झोपायचे
काच पुसायच्या चुंबकाला चिकटून.
काळं प्लास्टिक! मादी त्याच्याभोवती पहारा द्यायची,
उचलायला गेलो तर बोटाला चावायची.
विशाखा म्हणाली, "चुंबकच राहू दे की.
स्वस्तात पडला."

मे महिन्यात तात्या आले. वय पंच्याऐंशी,
मोतीबिंदू काढून नवे झालेले डोळे.
खुर्ची काचेशी ओढली, आणि सवयीनं,
"कुठले हे?"
"हॅचरीतले. कुठल्याशा शेडमधले.
यांच्या आईबापांनीही समुद्र पाहिलेला नाही."
"मग यांना कोण बोललं
की घर म्हणजे मऊ, हलणारं काहीतरी असतं?"

मी घनता पुन्हा मोजली. दहा-सव्वीस.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली.
इन्व्हर्टर सावरेपर्यंत पाणी गप्प.
तात्यांनीच हाक मारली.
मादी अळंबीवर आडवी पडली होती,
कूस घासत, शेपटी घासत.
नर अजून चुंबकापाशी,
वीतभर पुढे यायचा, परत जायचा.
अळंबीचे केसाएवढे हात मिटले.
उघडले. पुन्हा मिटले.
तिला कुणी विचारलं नव्हतं.

"हिला पाय आहे का रे?"
"नाही."
"म्हणून सोशिक," तात्या म्हणाले,
आणि चष्मा नसलेल्या नाकावर
चष्मा वर सारला.

वहीत काय लिहायचं, मी विचारलं.
गाव नाही, कुळ नाही, सही करायला हात आहेत
ते सारखे मिटतात.
"जुन्यात सापडत नाही त्याला नवं पान.
कोरं राहिलं तरी चालेल. तारीख मात्र घाल."

नाशिकच्या उन्हात टाकीतलं पाणी
रोज तांब्याभर उडतं.
मीठ उडत नाही, ते मागे राहतं, दाटत जातं.
म्हणून रोज संध्याकाळी मी गोडं पाणी ओततो,
हळू, काचेच्या कडेनं,
तिच्या अंगावर पडू नये असं.
आज अर्धे हात उघडे आहेत.
मादी आत आहे.
नर, बहुतेक, निघालाय.