केस

पाटणबोरीच्या अलीकडे, टेकाडामागे खदान.
पुलाच्या कामासाठी नमुने घ्यायला मी गेले होते,
पेटीत ड्रिलची नळी, वही, भिंग.
तिमय्याने सुतकी बाजूला ठेवली,
टरबूज पारखावं तशी गोट्याला टिचकी मारली
आणि कान लावला.
"याच्यात केस हाये," म्हणाला.
मला दिसला नाही.
भिंगातूनही नाही.

प्रयोगशाळेत त्याच गोट्याचं नळकांडं
यंत्राच्या दोन जबड्यांत उभं केलं.
सुई चढत गेली. बराच वेळ काही नाही,
मग आतून टिक्,
पुन्हा टिक्,
मग तेलात मोहरी टाकावी तसं,
आणि एकदम धूळ.
आकडा हिशेबाच्या निम्माही नव्हता.
पुस्तक म्हणतं, कणाला कण जसा धरून आहे
त्या मानाने दगड शंभरपट टणक हवा.
पुस्तकातल्या दगडावरून
एकही उन्हाळा गेलेला नसतो.

मे महिन्यात परत गेले.
एका मोठ्या गोट्यावर त्याने रेघ मारली,
सहा पाचरी ठोकल्या, अर्ध्याच,
भेगेत तांब्याभर पाणी ओतलं आणि हात धुतले.
"मारत नाही?"
"मारून काय. तो फुटेलच हाये.
त्याले फक्त सांगाचं रायते."

रात्री, जवळ कोणी नसताना, ते सांगणं पोचलं.
सकाळी दोन फाका.
ताज्या काळ्या तोंडावर बारीक शिरा,
मागे मागे जात एका जागी मिळणाऱ्या:
खसखशीएवढा पांढरा ठिपका.
लाव्हा गोठताना बाहेर पडायचा राहिलेला बुडबुडा,
त्यात मागाहून भरलेला स्फटिक.
साडेसहा कोटी वर्षं
वरचा सगळा भार त्याला वळसा घालून जात राहिला.
वळणावर दाटी होते. एवढंच.

अहवालात 'दोष' नावाचा रकाना होता.
"आढळला" लिहिलं. खोडलं.
काठापासूनचं अंतर लिहिलं, मिलिमीटरमध्ये.

नरसूबाईच्या पाट्यालाही चीर आहे,
काठापासून चार बोटं आत आलेली.
तिच्या टोकाशी तिमय्याने टोच्याने
बारीक गोल भोक पाडलंय.
"टोक हाये तवरोक धावते.
गोल केलं का इसरते."
अकरा वर्षं झाली, चीर तिथंच.
बाईने त्याच पाट्यावर जवसाची चटणी वाटली,
माझ्या भाकरीवर ठेवली.
दुसऱ्या घासाला दाताखाली कच लागली.
पाट्याचीच असणार.
मी गिळली.