चार सेंटिमीटर ढील

तिखोन मोजपट्टीसमोर उभा राहतो, मोजे काढून.
खांदा ते कंबर, कंबर ते गुडघा,
गुडघ्यापासून टाच.
मी आकडे बोलते, वार्वारा लिहून घेते.
पाठीला चार सेंटिमीटर ढील ठेव, मी सांगते.
तो हसतो : या वयात अजून वाढायचंय का मला, क्लावदिया पेत्रोव्ना?
वाढशील.
वर कुणी दाबून ठेवत नाही,
मणके एकमेकांपासून सुटतात,
बाकावर जागा मिळाल्यासारखे ऐसपैस बसतात.

बाहेर तोमिलिनोत बर्फाचा चिखल झालाय.
आत मी रबरी दोर ओवते,
छातीवरून, कुशीतून, मांडीवरून खाली
पार बुटाच्या तळापर्यंत.
सूट असा, की त्यात नुसतं सरळ राहणं हेच काम.
दोर त्याला सारखे मिटवू पाहणार
पोटातल्या बाळासारखं,
आणि तो दिवसभर स्वतःला उलगडत बसणार.
नाहीतर पोटऱ्या वितळतात,
हाडांतला चुना लघवीवाटे निघून जातो.
डॉक्टरांनी एकदा त्याचा तक्ता दाखवला.
मी म्हटलं, तक्ता कशाला,
माझ्या घरी या.

आई नोव्हेंबरपासून पाठीवर आहे.
नडगी लाटण्याएवढी उरलीय.
पलंगही अंतराळच की :
तिथे पायांकडे कुणी काही मागत नाही.

माणसानं हलकं व्हावं, म्हणतात.
मी तेवीस वर्षं वजन शिवते आहे.
हाडाची शिंपीण,
आणि शिवतेही हाडांसाठीच.

छाटलेले तुकडे मोजून परत द्यायचे असतात.
मार्चमध्ये एक तुकडा
मी मोजला नाही. बुटात घालून आणला.
एक टोक पलंगाच्या गजाला,
दुसऱ्याचा फास आईच्या तळव्याखाली.

ढकल, म्हटलं.
काय ढकलू?
पाय.
कशाला? मला कुठे जायचंय?

याला काय उत्तर द्यायचं.
तिखोनला कुठे जायचंय ते सगळ्यांना ठाऊक आहे,
तारीखसुद्धा.
स्वयंपाकघरापर्यंत, मी म्हटलं.
चहा तिथेच ठेवलाय. इथे आणणार नाही.

ती चिडली. मला, माझ्या बापाला,
कारखान्याला शिव्या घातल्या
आणि त्या रागात पाय लोटला.

दोर बोटभर ताणला गेला.
मग परत आला.

टाके मोजायची सवय काही जात नाही.
एक, मी म्हटलं.